आमची वाटचाल : ओढ्यात मीठ, दोन्ही काठांना सेन्सर

आमची सुरुवात वाहकता मीटरच्या, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते हे मोजणाऱ्या उपकरणाच्या, दुरुस्तीपासून झाली. प्रयोगशाळांतून आलेले प्रोब (पाण्यात बुडवायचे सेन्सर) साफ करायचे, कॅलिब्रेट करून परत धाडायचे. अशाच एका ग्राहकाला छोट्या जलविद्युत प्रकल्पासाठी डोंगरी ओढ्याचा विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहते तो आकडा, हवा होता. दगडधोंड्यांतून पाणी असे उसळत होते की प्रवाहाचा वेग मोजणारा करंट मीटर कुठे धरावा आणि खोली कुठे मोजावी, हेच ठरेना. तुमच्या मीटरने मिठाची पद्धत जमेल का, असे त्यांनी विचारले आणि आम्ही त्या कामात शिरलो ते कायमचेच.

करंट मीटरला नडणारी खळबळ इथे उपयोगी पडते, कारण तीच मीठ पाण्यात एकजीव करते. वजन केलेले मीठ विरघळवून वर एकदम ओतायचे आणि खाली मिठामुळे वाहकता चढून पुन्हा मूळ पातळीवर येईपर्यंत नोंदत राहायचे. समजा मीठ २ किलो आणि मूळ पातळीच्या वरचे आलेखाखालचे क्षेत्रफळ ४००० मायक्रोसीमेन्स-सेकंद प्रति सेंटीमीटर. वाहकतेच्या दर मायक्रोसीमेन्सला (प्रति सेंटीमीटर) लिटरमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम मीठ धरले, तर विसर्ग सेकंदाला १००० लिटर येतो. हा अर्ध्या मिलिग्रॅमचा आकडा आम्ही गृहीत धरत नाही. त्याच ओढ्याचे पाणी घेऊन काठावरच तो काढतो. तापमानाचेही तसेच. एका अंशाला वाहकता जवळपास २ टक्क्यांनी हलते, म्हणून आमचा लॉगर (नोंदी साठवणारे यंत्र) प्रत्येक नोंद २५ अंशांवर आणून ठेवतो.

पण आमच्या उपकरणाचे खरे बळ दुसऱ्या प्रोबमध्ये आहे. दोन प्रोब घेतले की किंमत वाढते, आणि एकात भागत नाही का, हा प्रश्न आम्हाला सतत येतो. नाही भागत. मीठ नीट मिसळले नसेल तर एका काठाला दाट पाणी जाते व विसर्ग कमी दिसतो, दुसऱ्या काठाला तो जास्त दिसतो. एकटा प्रोब यातले काहीच सांगत नाही. त्याचा आलेख मात्र अगदी देखणा येतो. दोन्ही काठांचे आकडे जुळले, तरच आम्ही अहवालावर सही करतो. न जुळल्यास मीठ आणखी वरून ओततो. पात्राच्या रुंदीच्या वीस-पंचवीसपट अंतर ठेवण्याचा ठोकताळा आहे, पण मध्ये डोह असेल तर तेवढेही पुरत नाही. तिथे मीठ रेंगाळते आणि आलेखाचे शेपूट संपता संपत नाही.

मोठ्या संथ नद्यांची कामे आम्ही घेत नाही. तिथे मीठ फार लागते, मिसळण कच्ची राहते आणि पाण्यातल्या जीवांवर नाहक ताण येतो. अशा ग्राहकांना आम्ही करंट मीटरवाल्यांकडे पाठवतो.

सध्या मीठ आपोआप सोडणाऱ्या टाकीवर काम चालू आहे. पूर अनेकदा रात्रीही चढतो, आणि पातळी-विसर्ग वक्राचे (पाण्याच्या पातळीवरून विसर्ग सांगणाऱ्या आलेखाचे) वरचे टोक भरायला नेमके तेच मोजमाप हवे असते.