माती शोधली, मोती सापडले

वेब प्रोग्रॅमिंग शिकायला छोटे तीन प्रोजेक्ट, तेही फ्रेमवर्कशिवाय (म्हणजे तयार सांगाडा न घेता), असा नियम घालून घेतला त्याला चार महिने झाले. पहिला संपला, दुसरा रोज वापरते, तिसरा अर्धवट आहे. ट्युटोरियल बघून मला रूट (कोणत्या पत्त्याला काय उत्तर द्यायचं ते) लिहिता येत होते, डेटाबेस जोडता येत होता, पण मधे नक्की काय घडतं असं कुणी विचारलं की त त प प. म्हणून ठरवलं, लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) वापरायची, पण तिचं काम एकदा स्वतःच्या हाताने करून झाल्यावरच.

पहिला प्रोजेक्ट गप्पांच्या खोलीचा. सर्व्हर नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतं ते) आणि वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली सतत उघडी दुहेरी वाट, हाताने लिहिलेलं. हा प्रोटोकॉल आरएफसी ६४५५ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात आहे, डिसेंबर २०११ चा, आणि तो वाचायला वाटतो तितका भयंकर नाही. हँडशेक (जोडणी सुरू करतानाची ओळखपाळख) एका बैठकीत झाला: ब्राउझरने पाठवलेल्या किल्लीला एक ठरलेली स्ट्रिंग जोडायची, त्याचा शा-१ (ठरावीक लांबीचा ठसा) काढायचा, बेस-६४ (साध्या अक्षर-आकड्यांतलं रूप) करायचा आणि १०१ स्टेटससह ('प्रोटोकॉल बदलतो' असा संकेत) परत द्यायचा. मी आगाऊपणा करून किल्ली आधी बेस-६४ मधून उलगडली होती. ती आली तशीच जोडायची असते. आरएफसीत नमुन्याची किल्ली आणि तिचं अपेक्षित उत्तर दोन्ही छापलेलं आहे, तेवढं एक ताडून पाहिलं असतं तर संध्याकाळ वाचली असती.

खरी गंमत फ्रेममध्ये, म्हणजे प्रत्येक निरोप ज्या पाकिटातून जातो त्यात; सुरुवातीला त्याची लांबी लिहिलेली असते. 'hello' किंवा रोमन अक्षरांतलं काहीही पाठवलं की सगळं सुरळीत. पहिल्यांदा 'नमस्ते' पाठवलं आणि कनेक्शन तुटलं. क्रोमच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) तक्रार: राखीव बिट चालू आहेत, पहिला १, दुसरा १, तिसरा ०. मी तर राखीव बिटांना हातही लावला नव्हता! दोन दिवस मास्किंगच्या (निरोपाचे बाइट एका किल्लीने झाकण्याच्या) कोडवर संशय घेतला, आणि तो बिचारा बरोबर होता. (मास्क फक्त ब्राउझरकडून सर्व्हरकडे येणाऱ्या फ्रेमना असतो, उलट दिशेला नाही, हेही त्या दोन दिवसांत पक्कं झालं.)

शेवटी कागद घेऊन बाइट (आठ-आठ बिटांचे, म्हणजे ०-१ चे, गट) लिहून काढले. 'नमस्ते' आपण वाचतो तेव्हा तीन अक्षरं: न, म, स्ते. जावास्क्रिप्टला लांबी विचारली की ती सांगते ६, कारण न, म, स, हलन्त, त आणि मात्रा हे सगळे वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, यातला प्रत्येक ३ बाइटांचा, म्हणजे तारेवरून जातात १८. मी फ्रेमच्या डोक्यावर लांबी म्हणून ६ लिहून मागे १८ बाइट पाठवत होते. ब्राउझरने सहा बाइट, म्हणजे 'नम' एवढंच वाचलं आणि त्यापुढचा बाइट नव्या फ्रेमची सुरुवात समजून घेतला. तो बाइट होता 'स'चा पहिला. बिटांत लिहिला तर १११००००० . डावीकडचा पहिला बिट म्हणजे 'शेवटची फ्रेम', पुढचे तीन राखीव. १, १, ०. कन्सोलमधली तक्रार शब्दशः खरी होती, मीच ती नीट वाचली नव्हती.

लांबी बफरच्या (मेमरीतल्या कच्च्या साठ्याच्या) बाइटांवरून मोजली आणि प्रश्न मिटला. लगेच त्याचंच धाकटं भावंड निघालं: १२५ बाइटांपर्यंत लांबी सात बिटांत मावते, त्यापुढे वेगळी १६ बिटांची जागा लागते. देवनागरीत हा उंबरठा ४२ व्या चिन्हालाच ओलांडला जातो, आणि एवढा लांब निरोप मी चाचणीत कधी पाठवलाच नव्हता. 'डेटा' इव्हेंट (काही बाइट पोचल्याची सूचना) आला म्हणजे एक पूर्ण फ्रेम आली, हाही समज असाच गळून पडला. अर्धी येते, कधी दीड येते. बफरमध्ये साठवून पूर्ण होईपर्यंत थांबावंच लागतं.

दुसरा प्रोजेक्ट टिपणवही, शोधासह. एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) आणि त्यातलं मजकूर शोधणारं एफटीएस-५. इथे लायब्ररी आधी घेतली, म्हणजे माझाच नियम मोडला, आणि त्याची शिक्षा मजेशीर मिळाली. 'माती' शोधलं की 'मोती' असलेली टिपणं यायची. आधी वाटलं, अंदाजाने शोधण्याची काही सोय असेल. तसं काही नव्हतं. त्याचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) अक्षरं आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग मानतो. युनिकोडच्या (जगातल्या लिप्यांच्या चिन्हांच्या यादीच्या) वर्गीकरणात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही 'अक्षरं' नाहीत, 'चिन्हं' आहेत. मग प्रत्येक काना-मात्रेपाशी शब्द तुटतो. माती म्हणजे म आणि त, मोतीही म आणि त. टेबल बनवताना टोकनायझरच्या श्रेणींत काना-मात्रा-हलन्तांचे दोन्ही चिन्हवर्ग घातले आणि इंडेक्स (शोधासाठीची शब्दसूची) पुन्हा बांधला, तेव्हा माती मातीत राहिली.

मग 'दुसऱ्या' सापडेना. डोळ्यांना सारखाच दिसणारा हा शब्द माझ्या टिपणांत दोन प्रकारे टाइप झालेला आहे. एकीकडे 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, दुसरीकडे साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक. एनएफसी नॉर्मलायझेशन (सारख्या मजकुराला एकच रूप देण्याची युनिकोडची रीत) करून बघितलं. र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) वेगळे टाइप केले असतील तर ते त्यांचा 'ऱ' करतं, पण जोडकवाल्याला हातही लावत नाही. त्या दृष्टीने ते दोन वेगळेच शब्द आहेत. शेवटी इंडेक्ससाठी वेगळा कॉलम केला, त्यात जोडकवाला र बदलून 'ऱ' टाकते, आणि शोधायच्या शब्दावरही हेच करते. मूळ मजकूर जसाच्या तसा. ही सात-आठ ओळींची फंक्शन मला पूर्ण सॉकेट सर्व्हरपेक्षा जास्त आवडते, खरं सांगायचं तर.

लॉगिनबद्दल थोडक्यात. पासवर्ड ओळखू न येईल असा साठवणारा बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघतो. देवनागरी वाक्य पासवर्ड म्हणून ठेवलं तर साधारण २४ चिन्हांनंतर काहीही लिहा, दार उघडतं. करून बघितलं, खरंच उघडलं. तिथून आर्गॉन-२ या त्याच कामाच्या दुसऱ्या पद्धतीवर गेले.

तिसरा प्रोजेक्ट तीच वही ऑफलाइन चालवण्याचा. सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणारा कोड) फायली साठवतो, टिपणं इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरच्याच डेटाबेसमध्ये) जातात, नेटवर्क आलं की रांगेतले बदल सर्व्हरकडे. इथवर जमलं. पण तीच नोंद लॅपटॉपवर आणि फोनवर, दोन्ही ऑफलाइन असताना बदलली, तर जो नंतर पोचतो तो जिंकतो आणि पहिल्याच्या ओळी गायब होतात. काल माझ्याच चार ओळी गेल्या. सध्या प्रत्येक परिच्छेदाला स्वतःची आवृत्ती देऊन बघते आहे. दोन्हीकडे तोच परिच्छेद बदलला असेल तर दोन्ही रूपं शेजारी ठेवायची, निवड मी करायची. सीआरडीटी (वेगवेगळ्या ठिकाणचे बदल आपोआप जुळवणारी) लायब्ररी डाउनलोड करून ठेवली आहे, अजून उघडलेली नाही.