तुम्ही विचारलंत म्हणून : एपिनालची माणसं चालत वाचली कशी?

लातूर-धाराशिवकडच्या शाळांत मी एपिनालची हकीकत सांगतो, तेव्हा मुलं हमखास विचारतात, "सर, भाषा येत नाही, मुलूख परका, मग ती माणसं वाचली कशी?"

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या एपिनालला जर्मनांच्या छावणीत ब्रिटिश फौजेतले सुमारे तीन हजार हिंदी, म्हणजे भारतीय, युद्धकैदी होते, बहुतेक उत्तर आफ्रिकेच्या लढाईत पकडलेले. ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांचे बॉम्ब छावणीवरही पडले. साठाहून जास्त कैदी जागीच गेले. भिंती फुटल्या आणि उरलेल्यांतले शेकडो बाहेर पडले. सुमारे पाचशे जण पायी स्वित्झर्लंडला पोचले. हद्द सरळ रेषेत मोजली तरी ऐंशी किलोमीटरहून जास्त.

औशाची एक मुलगी म्हणाली, "एवढं तर आमची आजी वारीत चालते." चालते, बाई. पण पैठणहून निघालेल्या नाथांच्या पालखीला पुढचा मुक्काम ठाऊक असतो, गावोगाव पंगत तयार असते. यांना समोरच्या दारामागे भाकरी आहे की बंदूक, हे दार वाजवल्याशिवाय कळणार नव्हतं. वर्षानुवर्षांच्या कैदेनं अंगातलं बळ गेलेलं. आणि सावळा रंग, शीख जवानाची पगडी फ्रेंच खेड्यात लपवणार कुठे?

म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे : पाय त्यांचे होते, पण वाट गावकऱ्यांनी काढून दिली. शेतकऱ्यांनी गोठ्यांत निजवलं, दूध-पाव दिला, अंगावर साधे कपडे चढवले, हद्दीच्या दिशेनं नेऊन सोडलं. बोलणं सगळं खुणांनी. कैद्याला थारा देणाऱ्याला जर्मन काय करतील, हे त्या प्रत्येक घराला माहीत होतं.

अशा गावांपैकी एक एतोबोन. २७ सप्टेंबर १९४४ ला तिथल्या ३९ पुरुषांना जर्मनांनी शेजारच्या शेनबिए गावात नेऊन गोळ्या घातल्या. हिंदी कैद्यांना मदत केली एवढ्याच कारणानं, असं मी मुलांना सांगत नाही. जर्मनांविरुद्ध लढणाऱ्यांना त्या गावाची साथ होती, त्याचा तो सूड होता. पण आपल्या जवानांना जेवू घालणारी माणसं त्याच गावातली होती.

हिंदी जवान जिथे लढले त्या आफ्रिकेतल्या तोब्रुक, केरेन या ठिकाणांची नावं मुलांना लढायांच्या पुस्तकांत सापडतील. एतोबोन मी फळ्यावर लिहितो आणि वहीत उतरवून घ्यायला लावतो.