हवेच्या ठोक्यावर पितळ

रविवार, रात्री उशिरा

हवेच्या ठोक्यावर चालणारी कोरायची छिन्नी मी घरी बनवतो आहे, तिनं आज सलग रेघ निघाली. पितळेच्या पट्टीवर सरळ, एका खोलीची, आणि टोकासमोर बारीक कीस कुरळा होत होत निघत गेला. इतके दिवस डोक्यात होतं ते आज हातात आलं, म्हणून झोपायच्या आधी सगळं लिहून ठेवतो, बारकावे उद्या आठवत नाहीत.

मुळात हे सुरू झालं ते आजीच्या गुंडावरून, म्हंजे पाण्याच्या पितळी भांड्यावरून. आमचा भंडारा जिल्हा पितळेचा, घरोघरी आंदणातले गुंड, गंगाळ, पराती. आजीच्या गुंडावरचं नाव छिन्नी-हातोडीनं टाकलेलं आहे, इतकी वर्षं राखेनं न् चिंचेनं घासलं तरी बोट फिरवलं की अक्षर लागते. आणि ताईच्या लग्नातल्या भांड्यांवरची नावं आताच पुसट झालीत. कारण बाजारात नाव टाकायची जी मशीन असते ती कॉइलवर चालते, आपल्या ५० हर्ट्झच्या लाइनवर तिची सुई सेकंदाला १०० वेळा हलते आणि धातूवर नुसते ठिपके पाडते. धातू काढत नाही ती, दाबते फक्त. छिन्नी धातू कापून बाहेर काढते, म्हणून तिच्या रेघेला खोली असते, आणि कापाच्या दोन्ही बाजू चकचकीत असल्या की त्यात उजेड खेळते. मले ती रेघ पाहिजे होती.

पण छिन्नी-हातोडीत दोन्ही हात गुंततात. एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडी, मग काम फिरवायचं कोणी? आपली अक्षरं तर सगळी वळणाची. मोठे बाबांनी, म्हंजे बाबांच्या मोठ्या भावानं, ऐन उमेदीत हेच काम केलं, त्यांचं मनगट आता थंडीत वळत नाही. म्हणून ठोका हवेनं मारायचा, उजव्या हातानं फक्त दिशा धरायची आणि डाव्यानं काम फिरवायचं. परदेशात याचे तयार सेट मिळतात, पण मूठ, पेडल, पंप धरून इथं येईपर्यंत लाखाच्या वर जाते. तेवढ्यात आमच्याकडे धानाचा अख्खा हंगाम निघते.

तर पंप घेतला गाडीच्या टायरात हवा भरायचा १२ व्होल्टवाला. त्याच्या डोक्यातला हवा परत येऊ न देणारा व्हॉल्व्ह काढून टाकला, पिस्टनवरची हवा आत घ्यायची पातळ पत्ती एपॉक्सीनं बंद केली. आता तो हवा भरत नाही, तीच हवा पाइपातून ढकलते न् परत ओढते. अमेरिकेतल्या जीआरएस कंपनीच्या ग्रेव्हरमाइस्टर मशीनमध्ये मूळ कल्पना हीच, हवेचा आळीपाळीनं दाब आणि ओढ. पाइप ६ मिमीचा पीयू (पॉलीयुरेथेन) घेतला, आतून ४ मिमी, आणि जेमतेम मीटरभर ठेवला कारण पाइप जितका लांब तितका ठोका मधातच मरते, हवा दबून राहते न् पुढं काही पोचत नाही.

खरा जीव मुठीत आहे. आत हातोडी म्हणून ट्रॅक्टरच्या निकामी बेअरिंगमधला रोलर टाकला, १० मिमी जाड, २० मिमी लांब, वजन १२ ग्रॅमच्या आसपास. कडक पोलाद, वरून ग्राइंड केलेलं, असा गुळगुळीत तुकडा लेथवर बनवायला गेलो असतो तर केवढे पैसे लागले असते, आणि हा भंगारात पडून होता. नळी पितळेची, लेथवाल्या भाऊंनी १० मिमीचा रीमर, म्हंजे भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार, फिरवून दिला, ते म्हणत होते इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवायची पेस्ट लावून घास, पण ती पेस्ट मऊ पितळेत रुतून बसते आणि मग आयुष्यभर खात राहते, म्हणून ब्रासो न् तेल लावून हातानं घासलं, वेळ लागला पण फिट असा बसला की नळीचं खालचं तोंड अंगठ्यानं बंद केलं तर रोलर हवेवर तरंगत हळूहळू खाली येते, अंगठा काढला की टपकन पडते. हे बघायला मी कितीदा तरी वर-खाली केलं असेल. पुढं छिन्नीची बैठक, रोलर तिच्यावर आपटते, आणि बॉलपेनची स्प्रिंग त्याला मागं ढकलते. मागं सागाची गोल मूठ, तळहातात बसते.

पायाखाली पेडल आहे. पाय वर असला की पाइपाची एक फांदी उघडी, सगळा ठोका बाहेर निघून जाते, पाय दाबला की ती फांदी बंद होत जाते आणि जोर छिन्नीत येते. हे मले सगळ्यात आवडलं, मोटर आपल्या गतीनं फिरत राहते आणि जोर पायावर कमी-जास्त होते, अगदी शिलाई मशीनवर बसल्यासारखं. गतीसाठी वेगळा पीडब्ल्यूएम रेग्युलेटर लावला. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप ठेवलं तर ३० हर्ट्झ दाखवत होतं, म्हंजे मिनिटाला १८०० ठोके. लाइनीचा भरवसा नाही म्हणून सगळं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. हे पंप सलग चालायसाठी बनलेलेच नसतात, तापतात, म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा पंखा समोर बसवला.

छिन्नी एचएसएसची (हाय-स्पीड स्टील), ३ मिमी चौकोनी. टोकाचा कोन १२० अंश, तोंड ४५ अंशाला, आणि खाली बारीकशी टाच १५ अंशाला. ही टाच मोठी झाली की वळणात बाहेरच्या कडेला घासते आणि कापाची चमक जाते, म्हणून डायमंडच्या पाटीवर दोनच हात मारायचे न् भिंगातून बघायचं. धार बघायची तर नखावर टेकवायची, घसरली तर नाही, रुतली तर आहे.

संध्याकाळी मोठे बाबा आले. "काय करून राहिला बे?" म्हटले, आणि मी काही सांगायच्या आधीच खुर्ची ओढून बसले. पट्टी लाख न् विटेच्या भुकटीत बसवलेली होती, ती त्यांनी आधी अंगठ्यानं दाबून पाहिली, हलत नाही ना. मग मूठ धरली, पाय ठेवला. त्यांच्या हाताला सवय हातोडीची, त्यांनी पहिले जोर लावला, छिन्नी खोल रुतली. मी म्हटलं, "मोठे बाबा, जोर तिचा, तुमी नुसतं धरा." मग त्यांनी मूठ सैल केली आणि पट्टी डाव्या हातानं फिरवत फिरवत 'ळ' काढला, दोन्ही गोल, मधला पीळ, कुठं अडकले नाही. मी अजून सरळ रेघेवर आहे आणि त्यांनी थेट 'ळ' घेतला! मनगट तसंच होतं, पण त्याला ठोका मारायचाच नव्हता.

उठताना म्हटले, "मागं येताना ढिली वाटते." बरोबर आहे, पेनाची स्प्रिंग नरम पडते, जोर वाढवला की रोलर पूर्ण मागं जायच्या आधीच पुढचा ठोका येते आणि कापात बारीक पायऱ्या दिसतात. एक अंगुळ लांब, थोड्या जाड तारेची स्प्रिंग बघतो, गॅस लायटरमधली चालते का ते उद्या लावून पाहीन. नाही जमलं तर पियानो वायर, म्हंजे स्प्रिंगची कडक पोलादी तार, नागपूरहून मागवू. पोळ्याच्या आधी बैलांच्या घंटांवर नावं कोरायची आहेत, घंटा गोल असते म्हणून ती धरायची बैठक लाकडात खोदावी लागेल, मोठे बाबा म्हणतात बाभळीचा ठोकळा घे.