मेदेयीनमध्ये घेतलेली चाकणची गाडी

कोलंबियात जुनी मोटरसायकल विकत घेऊन ती आपल्या नावावर करण्यासाठी परदेशी माणसाला तिथला रहिवासी असावे लागत नाही, पासपोर्ट पुरतो. दक्षिण अमेरिकेचा प्रवास मी मेदेयीनहून सुरू केला तो मुख्यतः याच कारणाने. दुसरे कारण नकाशात दिसते. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये दारिएनचे जंगल आहे आणि त्यातून रस्ताच नाही, त्यामुळे उत्तरेकडून येणाऱ्यांना गाडी जहाजाने किंवा विमानाने पलीकडे न्यावी लागते. पुण्याहून स्वतःची गाडी नेण्याचा हिशेबही मी मांडून पाहिला होता, पण कार्नेटसाठी (गाडी तात्पुरती परदेशात नेण्याच्या सीमाशुल्काच्या कागदासाठी) गुंतून पडणारी हमीची रक्कम, जहाजाचे भाडे आणि दोन्हीकडच्या बंदरांतला खोळंबा यांची बेरीज एका बऱ्या जुन्या गाडीच्या किमतीपुढे गेली.

लांबच्या प्रवाशांचा ओढा सुझुकी डीआर 650 कडे असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण नाव झालेली गाडी जुनी झाली तरी भाव सोडत नाही. होंडा एक्सआर 150 स्वस्त मिळत होती, मात्र अँडीजचे घाट सामानासह चढायचे म्हटल्यावर तिची मला दया आली. शेवटी मी बजाजच्या, म्हणजे आपल्या चाकणच्या, डोमिनार 400 वर आलो. यात देशाभिमान किती आणि व्यवहार किती, हे सांगणे अवघड आहे. कोलंबियाच्या रस्त्यांवर बॉक्सर आणि पल्सर इतक्या दिसतात की आपण पिंपरी-चिंचवडमध्ये आहोत असे क्षणभर वाटावे, आणि पुढे पेरूमध्ये तर बजाजच्या तीनचाकी गाड्या गावोगाव धावतात. डोमिनारचे सगळेच भाग सगळीकडे मिळतील असे नव्हे, पण बजाजच्या गाडीला हात लावायला बिचकणारा मेकॅनिक तरी वाटेत भेटणार नव्हता. टाकी 13 लिटरची, इंजिन 373 सीसीचे. मला एवढे पुरेसे होते.

पहिली गाडी दिसायला देखणी होती आणि मी जवळजवळ फसलो. विकणारा तरुण गोड बोलत होता, पण गाडीच्या मालकीपत्रावर नाव भलत्याच माणसाचे होते. याला तिकडे ‘त्रास्पासो आबिएर्तो’, म्हणजे उघडे हस्तांतर म्हणतात: मूळ मालक सही करून कागद कोरा सोडतो आणि गाडी त्या कागदावर दोन-तीन हातांतून फिरत राहते. आपल्याकडे आरटीओच्या हस्तांतराच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या घेऊन गाड्या विकणारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे नवीन वाटणार नाही. फरक इतकाच की पुण्यात मूळ मालकाला शोधत फिरायला आपल्याकडे वेळही असतो आणि ओळखीही असतात. ज्याला तीन आठवड्यांत देशाची सीमा ओलांडायची आहे, त्याच्यासाठी अशी गाडी म्हणजे निव्वळ लोखंड. मी नकार दिला, तेव्हा त्या तरुणाने किंमत लगेच उतरवली, आणि त्यामुळे माझा नकार आणखी पक्का झाला.

दुसऱ्या गाडीच्या वेळी मी आधी ‘सेर्तिफिकादो दे त्रादिसिओन’ मागितले. हा गाडीचा सातबाराच समजा. मालक कोण, कर्जाचा बोजा आहे का, चासी किंवा इंजिनचा नंबर पुन्हा कोरलेला आहे का, हे सगळे त्यावरून कळते. बोजा नव्हता, मात्र विक्रेत्याच्या नावावर वाहतुकीचा एक दंड थकला होता, आणि विकणारा आणि घेणारा दोघांच्याही नावावर दंड शिल्लक नसल्याशिवाय नाव बदलत नाही. त्याने कुरकुरत तो भरला.

गाडी पाहायला जाताना मी सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचलो आणि पहिल्यांदा इंजिनला हात लावला. ते गार होते. आधीच तापवून ठेवलेले इंजिन कसेही सुरू होते, म्हणून ही खातरजमा मी सोडत नाही. मग लास पाल्मासच्या घाटात ट्रायल घेतली. इंजिन चढावर कुठे अडखळले नाही, पण उतारावर ब्रेक दाबला की हँडलमध्ये बारीकसा खटका जाणवत होता. व्हिडिओ कॉलवर पुण्यातल्या माझ्या मेकॅनिकने आवाज ऐकला आणि सांगितले, “साहेब, इंजिन चांगलं आहे. कोनसेट गेलाय, तेवढे पैसे कमी करून घ्या.” सौदा नव्वद लाख पेसोंवर ठरला. आकडा ऐकून छाती दडपते, पण रुपयांत ते साधारण एक लाख पासष्ट हजार झाले. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरते ती बेअरिंगे, आणि चेन-स्प्रॉकेट मी बारिओ त्रिस्ते या गॅरेजांच्या वस्तीत बदलून घेतले.

कोलंबियात नंबरप्लेटच्या तळाशी नोंदणीच्या गावाचे नाव असते. माझ्या गाडीवर एन्विगादो होते, म्हणून हस्तांतराचे काम तिथल्याच वाहतूक कार्यालयात. त्याआधी ‘रुन्त’ या राष्ट्रीय नोंदवहीत पासपोर्ट आणि बोटांचे ठसे देऊन स्वतःची नोंद करावी लागते; सोआत हा सक्तीचा विमा चालू असावा लागतो, आणि दोन वर्षांहून जुन्या गाडीची वार्षिक तांत्रिक तपासणीही झालेली असावी लागते. विक्रीच्या किमतीवर एक टक्का कर कापला जातो; तो कोणी भरायचा हे सौद्यातच बोलून घ्यावे, मी ते विसरलो आणि अर्धा माझ्या गळ्यात पडला.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेला प्रकार म्हणजे ‘इम्प्रोन्ता’. चासी आणि इंजिनच्या नंबरावर पारदर्शक चिकटपट्टी लावून तिच्यावर शिसपेन्सिल घासून नंबरांचा ठसा उतरवतात आणि ती पट्टी अर्जावर चिकटवतात. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण पेन्सिल घासायचो, अगदी तसेच. कार्यालयाबाहेर हेच काम करणारा एक म्हातारा बसला होता. त्याच्याकडून मी एक जास्तीची पट्टी उतरवून घेतली आणि पाकिटात ठेवली.

आठव्या दिवशी माझ्या नावाचे मालकीपत्र हातात आले. काली, पोपायान आणि पास्तो करत मी इपियालेसजवळ इक्वेडोरच्या सीमेवरच्या रुमिचाका पुलावर पोहोचलो. तिथून पुढे गाडी तात्पुरत्या आयातीच्या कागदावर चालते, म्हणजे ती वाटेत विकता येत नाही आणि मुदतीत देशाबाहेर काढावी लागते. इक्वेडोरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याने टॉर्च घेऊन हँडलखाली वाकून पाहिले, पण पावसाच्या चिखलात चासीचा नंबर दिसेना. मी पाकिटातली पट्टी काढून त्याच्यापुढे धरली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, हसला, मला परत दिली आणि चिखल पुसायला एक फडके पुढे केले.