संत्र्याच्या सालीतला दुहेरी बंध

कार्बनी संयुगांचा धडा पुस्तकात कितवाही असो, आमचे विज्ञानाचे सर तो आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की घ्यायचे. मुख्याध्यापकांना काय कारण सांगत असतील, देव जाणे. वर्गात येताना हातात पिशवी. तिच्यात संत्री, मेणबत्ती आणि फुगे. संत्री आम्ही खायची, साली सरांच्या.

साल ज्योतीजवळ दुमडून पिळली की तडतड ठिणग्या उडतात, हे नागपूरच्या पोट्ट्यांना कोणी शिकवावं लागत नाही. सरांनी तोच फवारा फुगवलेल्या फुग्यावर मारायला सांगितला. मागच्या बाकावरचा एक जण साल हातात धरून नुसताच उभा. "पाहून काय राह्यला बे, पिळ!" त्याने पिळली आणि फुगा फाडकन फुटला.

सालीच्या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं. दहा कार्बन, सोळा हायड्रोजन आणि दोन दुहेरी बंध. फुग्याचं रबर म्हणजे आयसोप्रीन या पाच कार्बनांच्या रेणूची लांबच लांब साखळी, आणि लिमोनीनचा रेणू भरतो बरोबर दोन आयसोप्रीनएवढा. एकाच कुळातले असल्याने तेल रबरात सहज शिरतं, ताणलेला पापुद्रा तिथे कमजोर पडतो. मग सरांनी तेच तेल ब्रोमीनच्या पाण्यात टाकून परीक्षानळी हलवली. तांबूस रंग बघता बघता गेला. दुहेरी बंधातला एक बंध सुटतो आणि त्या दोन्ही कार्बनांना एकेक ब्रोमीन चिकटतो. 'समावेशन अभिक्रिया' हे शब्द फळ्यावर आले ते यानंतर. शिकवण्याचा हाच क्रम बरोबर, असं माझं मत आहे.

अल्कोहोलवर सरांनी फार वेळ घालवला नाही. दहावीचा वर्ग नको तिथे हसतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण एक तुलना पक्की बसली. प्रोपेनचा रेणुभार ४४, इथेनॉलचा ४६, म्हणजे वजन जवळपास सारखंच. तरी प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो आणि इथेनॉल ७८ अंशांना. एवढा फरक एका 'ओएच'मुळे, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीमुळे: इथेनॉलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात, ते सोडवायला उष्णता लागते. इथिलीनला, म्हणजे दुहेरी बंधाने जोडलेल्या दोन कार्बनांच्या वायूला, पाणी जोडलं की इथेनॉल, आणि इथेनॉलमधलं पाणी तीव्र सल्फ्युरिक आम्लाने १७० अंशांना काढून घेतलं की पुन्हा इथिलीन, हेही त्याच तासाला.

पॉलिमरसाठी, म्हणजे छोटे रेणू जोडून होणाऱ्या लांब साखळीसाठी, मात्र त्यांनी आम्हाला मैदानावर नेलं. समोरासमोर जोड्या, दोन्ही हात धरलेले: प्रत्येक जोडी म्हणजे इथिलीनचा एक रेणू. शिट्टी झाली की एक हात सोडायचा आणि शेजारच्या जोडीचा सुटलेला हात धरायचा. मुलामुलींचे हात एकमेकांत येणार म्हटल्यावर गोंधळ उडाला. शेवटी तेवढ्या बंधांच्या जागी रुमाल आले, दोघांनी दोन टोकं धरायची. साखळी तयार झाली, दुहेरी बंध कुठेच उरला नाही. पुढे सरांनी काही जणांना मधल्या पोरांच्या कमरेला धरून फांद्यांसारखं उभं केलं आणि अशा दोन साखळ्यांना म्हणाले, "या जवळ." जमेना. फांद्या आडव्या येत होत्या.

आज मी हिंगणा एमआयडीसीत प्लॅस्टिक फिल्मच्या कामात आहे. आमच्याकडे पॉलिथीनचा, म्हणजे इथिलीनच्या साखळ्यांचा, दाणा येतो: एलडी म्हणजे कमी घनतेचा आणि एचडी म्हणजे जास्त घनतेचा. एलडीत फांद्या फार, साखळ्या दाटीने बसत नाहीत, म्हणून घनता घनसेंटीमीटरला ०.९२ ग्रॅमच्या आसपास आणि माल मऊ. एचडीच्या साखळ्या सरळ, घनता ०.९५ च्या आसपास, माल कडक. एलडी १९३३ साली इंग्लंडमध्ये गिब्सन आणि फॉसेट यांच्या हाती अवचित लागलं. प्रचंड दाबाखाली इथिलीनची बेंझाल्डिहाइडशी अभिक्रिया करायला गेले आणि भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ निघाला. एचडीसाठी १९५० चं दशक उजाडावं लागलं. १९५३ साली जर्मनीत झिग्लर यांच्या उत्प्रेरकाने तेच काम साध्या दाबावर केलं. १९६३ चं नोबेल त्यांना इटलीच्या नाट्टांबरोबर मिळालं. ही नावं मी पुढे कॉलेजात वाचली; साखळ्या जवळ का येत नाहीत, हे तोवर माहीत होतं.

२०१८ ची प्लॅस्टिकबंदी नुकतीच आली होती, तेव्हा सरांच्या घरी गेलो होतो. म्हटलं, आता ते पिशव्यांवरून झापणार. त्यांनी तोंडी परीक्षाच घेतली.

"तुझी ती साखळी तोडायची तर काय लागते?"

"हवा लागू न देता चारशे-पाचशे अंश तापवायची, सर. तेल निघतं."

"मग त्या तेलानं ब्रोमीनचा रंग जाईल का?"

"जाईल. तुटलेल्या टोकांना दुहेरी बंध तयार होतात."

"हे मालकाला सांगितलं का, की मलेच सांगून राह्यला?"