सिग्नलवरचा न्यायनिवाडा

कोणी हात पुढे केला की ‘सुटे नाहीत’ असे पुटपुटून पुढे सरकणे ही शहरी माणसाची जुनी सोय होती. ती बहुधा थाप असे आणि ते दोन्ही बाजूंना ठाऊक असे. गेल्या काही वर्षांत मात्र ही थाप खरी होऊन बसली आहे. भाजीवाली, रिक्षावाला, शहाळेवाला, देवळाबाहेरचा फुलवाला, सगळ्यांकडे कोड छापलेले पुठ्ठे आले आणि आपल्या पाकिटातून दहा-वीसच्या नोटा हळूहळू नाहीशा झाल्या. ज्याच्यापाशी पत्ता नाही, कागदपत्रे नाहीत आणि म्हणून बँकेत खातेही नाही, असा फुटपाथवर राहणारा माणूस या नव्या व्यवहाराच्या बाहेरच राहिला. पूर्वी मागणारी मंडळी दिवसभराची चिल्लर संध्याकाळी वाण्याकडे नेऊन तिच्या नोटा करून घेत, वाण्यालाही सुटे मिळत. ते चक्र आता मंदावले आहे. त्यामुळे रस्त्यावर कोणाला काही द्यायचे असेल तर त्याची तयारी घरून निघतानाच करावी लागते. मला ही अडचण बरीच उपकारक वाटते, कारण द्यावे की न द्यावे हा प्रश्न सिग्नल लाल असेपर्यंतच्या वेळात सोडवण्यासारखा नाहीच.

तेवढ्या वेळात आपण जे करतो त्याला दान म्हणता येत नाही, तो निवाडा असतो. समोरच्याचे वय काय, हातपाय धड आहेत का, तोंडाला वास येतो का, कडेवरचे मूल तिचेच असेल का, गेल्या आठवड्यात हा उजव्या पायाने लंगडत होता आणि आज डाव्या पायाने लंगडतो आहे की काय, असे सगळे प्रश्न आपण मनातल्या मनात काढतो आणि उत्तरेही आपणच देतो. साक्षीपुरावा नाही, काच वर असल्यामुळे समोरच्याचे म्हणणे ऐकू येत नाही आणि एवढे करून दाव्याची रक्कम असते दहा रुपये. वीस रुपयांची कोथिंबिरीची जुडी फ्रीजमध्ये सडवून फेकताना हाच माणूस स्वतःला एकही प्रश्न विचारत नाही.

कायद्यानेही आपल्याला हेच शिकवले आहे. १९५९ च्या मुंबईच्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याची जी व्याख्या केली, तिच्यात सार्वजनिक जागी गाणे म्हणून, नाच करून, भविष्य सांगून किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करून पैसे मागणे तर आलेच, पण उदरनिर्वाहाचे साधन दिसत नसताना, भिक्षेवर जगत असावा असे वाटेल अशा अवस्थेत रस्त्यावर भटकणेही आले. म्हणजे पहाटे दारात येणारा वासुदेव आणि कोणाकडे काहीही न मागता नुसता बसून राहिलेला कंगाल म्हातारा, दोघेही त्या व्याख्येत बसू शकतात. पोलिसाला वॉरंटशिवाय पकडता येते आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. दिल्लीला लागू झालेल्या याच कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये घटनाबाह्य ठरवली. कोविडच्या काळात भिक्षेकऱ्यांना रस्त्यांवरून हटवावे अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने, आम्ही उच्चभ्रूंच्या नजरेने याकडे पाहणार नाही, असे सांगून ती नाकारली. ती २०२१ ची गोष्ट. त्याआधी १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या प्रसिद्ध खटल्यात, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे सांगणाऱ्या घटनापीठाचे प्रमुख होते त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड. अर्थात त्या निकालानेही नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करण्याची मुभा पालिकेला दिलीच होती, हा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. अलीकडे तर इंदूरच्या प्रशासनाने १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचे ठरवले. मागणाऱ्याची झडती घेणारा कायदा अशा रीतीने खिशात हात घालणाऱ्यापर्यंतही येऊन पोहोचला आहे.

या सगळ्यात एक गल्लत सतत होते. बेघर माणूस आणि भिक्षेकरी हे एकच, असे आपण धरून चालतो. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली, तेव्हा देशात १७ लाखांहून अधिक आणि त्यांपैकी महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक माणसे उघड्यावर झोपलेली आढळली. ही सगळी हात पसरून जगत असती तर आपल्याला रस्त्याने चालणे कठीण झाले असते. दादरच्या फुलबाजारात पहाटे पाट्या वाहणारे, लग्नाच्या हॉलमागे रात्री दोन वाजेपर्यंत ताटे विसळणारे, भंगार वेचणारे, सिग्नलवर गजरे आणि मोबाइलची कव्हरे विकणारे यांतले कितीतरी जण कमावते असतात. फक्त त्यांच्या कमाईत मुंबईतली खोली बसत नाही. कोणी मागितलेलेच नसताना अशा माणसाच्या हातावर पैसे ठेवणे हा त्याचा अपमानही होऊ शकतो, याचे भान आपल्याला क्वचित असते.

परळला टाटा रुग्णालयाच्या आसपासचे फुटपाथ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. बीड, सोलापूर, यवतमाळपासून बिहार-बंगालपर्यंतची माणसे तिथे निळ्या प्लास्टिकखाली राहतात. उशाशी कपड्यांचे बोचके, त्यावर पावसापासून जपलेली रुग्णालयाची फाइल आणि विटांच्या आडोशाला एखादा छोटा स्टोव्ह. गावात यांचे घर असते, कधीकधी चार एकर शेतही असते. उपचार लांबतात तेवढे महिने ती बेघर असतात. धर्मशाळांमध्ये जागा मिळेपर्यंत रांग धरायची आणि तोवर फुटपाथ. संध्याकाळी तिथे गाड्या येऊन थांबतात आणि बिस्किटे, केळी, पाण्याच्या बाटल्या वाटल्या जातात. अशाच एका संध्याकाळी मी पिशवीतून बिस्किटांचे पुडे काढले तेव्हा सोलापूरकडच्या एका बाईने ते घेण्याऐवजी आपल्या बोचक्यामागे रचलेली पुड्यांची चळत दाखवली.

“ताई, बिस्किटं लई झाली. मालकाला तर गिळवतबी नाही. आंघोळीला, संडासला रोज पैसं लागत्यात, त्याचं कुणी इचारत नाही.”

तिच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा हिशेबच अधिक होता. सार्वजनिक शौचालयात गेले की पैसे, अंघोळ केली की त्याहून जास्त पैसे, मोबाइल चार्ज करायला पानवाल्याला पैसे, स्टोव्हच्या रॉकेलला पैसे. आपण घरात ज्या गोष्टींची वेगळी किंमत कधी मोजत नाही त्या तिला रोज रोख मोजाव्या लागत होत्या, आणि देणारे मात्र सगळे खाण्याचेच घेऊन येत होते. पैसे दिले तर त्याचे काय करतील कोण जाणे, त्यापेक्षा खायला द्यावे, हा विचार वरवर शहाणपणाचा दिसतो. पण ज्याला मूठभर पैशांत दिवस काढायचा आहे त्याच्याइतका काटेकोर जमाखर्च आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी मांडला जातो. बाईंकडे जाऊन ‘काय हवे?’ असा साधा प्रश्न विचारायला कोणाची ना नसते, तरी तो विचारला जात नाही, कारण विचारले की उत्तर ऐकावे लागते आणि मग पुडा पुढे करून दोन मिनिटांत गाडीत बसता येत नाही.

रोख पैसे दिले तर ते दारूत जातात, हा आक्षेप मी खोटा म्हणत नाही. काही जातात. उघड्यावर, डासांत, अंगावरून गाडी जाईल या धास्तीत झोपायचे असलेला माणूस झोप येण्यासाठी काय करील, याबद्दल पंख्याखालून मत देणे मला अवघड वाटते, एवढेच. फसवणूकही होते. कुलाब्यात बाळाला घेऊन आलेल्या बाईने पैसे नाकारून दुधाच्या पावडरचा डबा मागायचा, आपण तो जवळच्याच दुकानातून घेऊन द्यायचा आणि आपली पाठ वळताच तो पुन्हा दुकानात परत जायचा, ही गोष्ट मुंबईत जुनी आहे. त्यातला विनोद असा की पैशापेक्षा वस्तू दिलेली बरी, या आपल्याच शहाणपणावर तो सगळा धंदा उभा असतो.

एका बाबतीत मात्र माझे मत ठाम आहे: लहान मुलांच्या हातावर मी पैसे ठेवत नाही. मूल जितके केविलवाणे दिसेल तितकी कमाई जास्त, हे गणित एकदा जमले की त्या मुलाला शाळेत घालण्यात घरच्यांचेही नुकसान असते, आणि घरच्यांच्या मागे आणखी कोणी असेल तर विचारायलाच नको. भुकेले असेल तर वडापाव माझ्यासमोर खायला द्यावा, संकटात आहे असे वाटले तर १०९८ हा क्रमांक फिरवावा. हे सांगायला सोपे असले तरी गाडीच्या काचेला नाक चिकटवून उभ्या राहिलेल्या चार वर्षांच्या मुलीला नाही म्हणणे सोपे नसते, हेही खरेच.

अन्नच द्यायचे तर मुंबईत त्याची एक जुनी, मला मनापासून पटलेली रीत आहे. माहीमच्या दर्ग्याजवळच्या रस्त्यावर काही खाणावळी आहेत, ज्यांच्या दारापुढे माणसे रांगेत उकिडवी बसलेली असतात. कोणी येणारा-जाणारा गल्ल्यावर पैसे देतो आणि ‘दहा जणांना’ असे सांगून निघून जातो. मग रांगेतली पुढची दहा माणसे उठून जेवतात आणि मागची पुढे सरकतात. देणाऱ्याला कोणाचा चेहरा निवडायचा नसतो, घेणाऱ्याला आपली व्यथा तिखटमीठ लावून सांगायची नसते. कोण खरा गरजू हे ठरवायला तिथे कोणी नाही, रांग आहे. तासन्‌तास असे उकिडवे बसणे हीच गरजेची पुरेशी साक्ष आहे, आणि हौसेने बसायची ती जागा नव्हे. सरकारने २०२० च्या प्रजासत्ताक दिनी सुरू केलेल्या शिवभोजन थाळीतही दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि मूदभर भात अशी सोय होती, आणि तिच्या खिडकीवरही कोणी लायकी विचारत नसे. याउलट सर्वपित्री अमावास्या, नेत्याचा वाढदिवस किंवा कोणाच्या तरी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला की एकाच फुटपाथवर तीन ठिकाणची पुरीभाजी येते आणि दुसऱ्या दिवशी कोणीच फिरकत नाही. फोटो मात्र तिन्ही ठिकाणी काढले जातात.

पैसे आणि पुरीभाजी दोन्ही ज्यांच्या कामाची नाहीत असेही काही जण रस्त्यावर असतात. केसांच्या जटा झालेला, स्वतःशी बोलणारा, दिलेली नोट बाजूला टाकून देणारा माणूस आपण सर्वांनी पाहिलेला असतो आणि सर्वांत लवकर नजरही त्याच्यावरूनच हटवलेली असते. नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिणारा असा एक तरुण मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी यांना दिसला. उपचारांनंतर तो चांगला शिकलेला निघाला आणि घरच्यांकडे परतला. त्यातूनच पुढे त्यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र उभे राहिले. कर्जतला त्याचे काम चालते आणि २०१८ मध्ये त्यासाठी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा माणसाच्या बाबतीत आपण दहा रुपये दिले की नाही याला काही अर्थ नसतो. आपण कोणाला तरी फोन केला का, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत खडखडीत विचार गाडगेबाबांनी केला असे मला वाटते. स्वतः फुकटची भाकरी घ्यायची नाही, आधी गाव झाडायचे किंवा लाकडे फोडायची आणि मगच खायचे, हा त्यांचा नेम. पण दुसऱ्याला देताना त्यांनी हीच अट कधी घातली नाही. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, आणि त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज परळच्या फुटपाथवरून सुटका झालेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. स्वतःला लावलेली फूटपट्टी इतरांना लावायची नाही, हे साधायला फार मोठे मन लागते. आपल्याला उलटेच साधते. बेघरांना आसरा हा बाबांच्या दशसूत्रीतला एक मुद्दा. दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये बजावले, आणि सव्वा कोटी वस्तीच्या मुंबईतले निवारे त्या आकड्याच्या आसपासही पोहोचलेले नाहीत.

म्हणून मी आपल्यापुरती वाटणी करून टाकली आहे. मोठी रक्कम महिन्याच्या सुरुवातीला धर्मशाळेकडे जाते, कारण निवारा दहा-दहा रुपयांनी उभा राहत नाही. दहाच्या काही नोटा पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात असतात आणि त्या मोठ्या माणसांपैकी जो आधी मागेल त्याच्या. खरा कोण, खोटा कोण ही चौकशी मी बंद केली आहे. नोटा संपल्या की ‘आज संपले’ असे तोंडाकडे बघून सांगायचे, मोबाइलमध्ये डोके घालायचे नाही आणि ‘पुढे जा’ असे तर मुळीच म्हणायचे नाही. यातला शेवटचा भाग जमवायला मला सर्वांत वेळ लागला. फुलबाजाराच्या तोंडाशी बसणारे एक आजोबा आता माझ्या पिशवीचा तो कप्पा ओळखतात. संपले म्हणून सांगितले की ते मान डोलावतात आणि उद्याचे धरून वीस झाले म्हणून बजावतात. आणि दुसऱ्या दिवशी मी विसरले तरी ते विसरत नाहीत.