लाल दिव्यापाशी मी का थांबतो

“तुम्ही स्वतःला अराज्यवादी म्हणवता, मग नागपूरच्या व्हरायटी चौकात लाल दिव्याला का थांबता?” हा प्रश्न मला इतक्या वेळा, आणि बहुधा चहाचा कप हातात असतानाच, विचारला गेला आहे की त्याचे एकदा नीट लेखी उत्तर द्यावे असे वाटले.

मी थांबतो, कारण त्या क्षणी आडव्या रस्त्यावरच्या माणसाची पाळी असते. दिवे बंद पडले तरी मला थांबावेच लागते. अशा वेळी कोपऱ्यावरचा पानठेलेवाला खाली उतरतो, हात दाखवून गाड्या सोडू लागतो आणि लोक त्याचे ऐकतात. त्याला कोणी नेमलेले नसते, न ऐकणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार त्याला नसतो, आणि कोंडी सुटली की तो पुन्हा पानाला चुना लावायला बसतो. नियम हवा, पण तो पाळवून घेण्यासाठी डोक्यावर कायमचा धनी नको, एवढेच अराज्यवादाचे म्हणणे आहे.

घोळ शब्दातच आहे. राजा नसणे आणि गोंधळ माजणे या दोन्हींना आपण ‘अराजक’ म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शास्ता नसणे इतकाच होता, आणि 1840 मध्ये स्वतःला अराज्यवादी म्हणवून घेणाऱ्या प्रूदाँ या फ्रेंच विचारवंताने समाज अराज्यातच सुव्यवस्था शोधतो असे लिहिले होते. पुढे या पंथातल्या काहींनी बाँब आणि पिस्तुले हाती घेतली. 1901 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडणारा स्वतःला अराज्यवादीच म्हणवत होता, तेव्हा बदनामी अगदीच अकारण झाली असे मी म्हणणार नाही. मात्र हिवाळी अधिवेशनात आमच्या शहरातले रस्ते लोखंडी कठड्यांनी अडवले जातात आणि ‘कायदा व सुव्यवस्था’ हे शब्द दिवसभर कानावर पडतात, तेव्हा कायदा आणि सुव्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगणारा मधला ‘व’ कोणालाच कसा ऐकू येत नाही, याचे मला नवल वाटते. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म राजा नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळेल असेही सांगतात, आणि आरंभी ना राज्य होते ना राजा, ना दंड होता ना दंड देणारा, प्रजा धर्मानेच परस्परांचे रक्षण करीत होती, असेही सांगतात.

या विचाराची खरी परीक्षा मला नागपुरातच द्यावी लागते. पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तिथे 1936 पासून राहिलेल्या गांधीजींनी फेब्रुवारी 1916 मध्ये, काशीच्या भाषणात, मीही अराज्यवादीच आहे, पण निराळ्या प्रकारचा, असे म्हटले होते. आणि शहरातच दीक्षाभूमी आहे. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत, सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रह आणि असहकार यांना ‘अराजकाचे व्याकरण’ म्हटले, आणि त्याच्या वर्षभर आधी गावगाड्याला संकुचितपणाची आणि अज्ञानाची गुहा ठरवले. त्यांचा आक्षेप मला कोणत्याही पोथीनिष्ठ टीकाकारापेक्षा अधिक बोचतो, कारण पाणवठ्यावर कोणी यायचे आणि कोणी नाही, हे पोलिसांवाचूनच ठरत होते आणि चोख पाळलेही जात होते. शास्ता नसलेली ती सुव्यवस्थाच होती, आणि ती मोडायला कायदा लागला.

म्हणून उदाहरण द्यायचे झाले तर मी गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाचे देतो. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गावाची. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत. सर्वांची सहमती होईपर्यंत चर्चा चालते, आणि एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. ही रीत संथ आहे, आणि शहरी माणसाला तिचा कंटाळा येईल. पण अल्पमतात पडलेल्याला गप्प बसवण्याची वेळ तीत येत नाही.

इथे माझे मित्र मला पकडतात, आणि बरोबर पकडतात. मेंढ्याला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर जो सामूहिक हक्क मिळाला, तो संसदेने 2006 साली केलेल्या वनहक्क कायद्याखाली. स्वतःचाच बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला 2011 उजाडले, आणि ते द्यायला केंद्रीय मंत्र्यांना गावात यावे लागले.